‘परत येईन’ नावाची टॅक्सी

या, असे जवळ या. बाकडं पुढे ओढा. मागे उभं राहून ऐकलेली गोष्ट निम्मी वाऱ्यावर जाते. आज तुम्हाला एका टॅक्सीची गोष्ट सांगतो, आणि एका अंड्याची. ते अंडं एका भल्या माणसाच्या खिशात तीन दिवस होतं. फुटलं असतं, तर त्याबरोबर एक घर फुटलं असतं. फुटलं नाही, ही देवाची कृपा, आणि एका जाडजूड बाईच्या नाकाची. कशी, ते ऐका.

१

गुरुवारी सकाळी अक्रोमाची टेकडी उतरताना एकोने ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला.

त्याने पाय उचलून पुन्हा दाबला. चिखलात पाय गेल्यासारखं वाटलं, अटकाव म्हणून नाही. मघापर्यंत हेच पॅडल दगडासारखं कडक होतं. गाडी जड चालत होती, चाकांतून जळका वास येत होता, आणि आता उतार जिथे सगळ्यांत तीव्र होतो तिथेच ते मेलं. मागच्या सीटवर त्याची बायको एफुआ, नववा महिना भरत आलेला, दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

“एको, हळू चालव ना.”

“चालवतोय,” तो म्हणाला.

त्याने गियर खाली आणला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. गाडी जराशी थबकली आणि पुन्हा सुटली. समोर दफनभूमीची पांढरी भिंत धावत येत होती. गवंड्यांनी भिंतीला लागून रेतीचा ढीग टाकला होता. एकोने देवाचं नाव घेतलं आणि गाडी त्या ढिगात घातली.

सगळं शांत झालं. टपावरून रेती घरंगळत राहिली.

“एको,” मागून एफुआ म्हणाली, “आपण जिवंत आहोत का?”

“तू बोलतेयस म्हणजे असू.”

ती हसली नाही. तोही हसला नाही. तो उतरून गाडीच्या मागे गेला. मागच्या काचेवर आधीच्या मालकाने रंगवलेली अक्षरं उन्हात चमकत होती : ‘परत येईन.’

महिन्याभरात हे चौथ्यांदा. पहिल्या तीन वेळा उलटं झालं होतं. याच भिंतीपाशी कुणी मागून ओढून धरावं तशी गाडी आपोआप थांबायची. अर्धा तास उभी राहायची आणि मग काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गावात कुजबुज होती की आधीचा मालक मेला, इथेच पुरला, आणि तो गाडीला हात दाखवून थांबवतो. आता तो थांबवतही नव्हता. आता तो आत बोलावत होता.

दोघं चालतच खालच्या दवाखान्यात पोचली. तिथली सुईण तपासून म्हणाली, “आठवड्याच्या आत. कळा सुरू झाल्या की वेळ घालवू नका, मूल जरा आडवं आहे.” अक्रोमात दुसरी गाडी नव्हती. मूल यायचं ते याच उतारावरून, याच गाडीतून.

एकोचा भुतांवर अर्धाच विश्वास होता. माणसांवर मात्र आता पाव उरला होता. गाडी विकणारी, आधीच्या मालकाची, टावियाची विधवा. दुरुस्ती करणारा, लहानपणापासूनचा दोस्त क्वामेना. आणि चुलतभाऊ एब्बो, ज्याला हीच गाडी हवी होती आणि मिळाली नव्हती. तिघांपैकी कुणीतरी एक.

परत निघताना त्याने बाजारात एकच अंडं घेतलं.

“एकटंच?” विकणारी हसली. “बायको रुसलीय वाटतं?” आणि मग त्याचा चेहरा पाहून तिने हात आखडता घेतला. आमच्याकडे एकटं अंडं कशासाठी घेतात, हे तिला ठाऊक होतं. नदीकाठी उभं राहून बोलायचं, ‘ज्याने माझं वाईट केलं, मग तो कुणीही असो,’ आणि अंडं दगडावर फोडायचं. शाप आपला माणूस आपण शोधतो. आणि एकदा बोललेला शब्द नदी परत देत नाही.

२

शुक्रवारी सकाळी गाडी दोरीने ओढत कोकोम्पेला आणली. ताकोराडी शहरातल्या फिटर लोकांच्या त्या वस्तीत अराबा मावशीचं दुकान आहे. ब्रेकची रबरं, वॉशर, पट्टे, नळ्या. मावशी रुंद, हळू चालणारी, आणि आमच्या चर्चमधल्या बायकांची पुढारी गाणारी. आमच्याकडे प्रवचन नुसतं बोललं जात नाही. उपदेशक रंगात आला की मध्येच एखादी बाई उठते, पद उचलते, बाकीच्या झेलतात, आणि उपदेशक घाम पुसत थांबतो. अराबा मावशीने पद उचललं की छपराचे पत्रे थरथरतात, आणि माझ्यासारख्याचे डोळे भरून येतात. असो.

“मला ब्रेकची सगळी रबरं दे, मावशी,” एको म्हणाला. “मी स्वतः बसवीन.”

“स्वतः? आणि क्वामेना काय करणार, मक्याचं केंके खात बसणार?”

“क्वामेनाचं नाव काढू नकोस.”

मावशीने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. “खिशात काय आहे? पिल्लू निजल्यासारखा चालतोयस.”

एकोने खिशावर हात ठेवला. तेवढ्यानेच तिला कळलं. तिने तराजू बाजूला सारला.

“कधी जाणार नदीवर?”

“आज.”

“शापाला पत्ता लिहिता येत नाही, एको. तो कुणाच्या दारात जाईल, तुला माहीत नाही.”

“म्हणूनच तर! मला माहीत नाही, त्याला माहीत असेल. मावशी, काल माझी बायको, माझं मूल...” त्याने गाडीकडे हात केला. “चौथ्यांदा. त्याच भिंतीपाशी. मला झोप नाही. गाडीत बसलो की हात ओले होतात.”

मावशी उठली. “रविवारचं प्रवचन संपेपर्यंत मला वेळ दे. नदी काही वाळत नाही. मला आधी गाडी दाखव.”

एकोने मान हलवली. हो म्हणाला, पण अंडं खिशातच राहिलं.

बॉनेट उघडलं. मावशीने इंजिनाकडे पाहिलंही नाही. तिने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. झाकणाखालचं रबर बाहेर आलं, ते ओल्या पावासारखं फुगलेलं. तिने ते परत बसवून पाहिलं, बसेना. मग बोट आत बुडवून अंगठ्यावर घासलं आणि नाकाशी नेलं. बराच वेळ तिथेच धरलं.

“यात तेल कधी भरलंस?”

“कधीच नाही. भरावंच लागत नाही. कायम काठोकाठ असतं.”

“गाडीला हात कोण लावतं?”

“एब्बो बदलीला चालवतो, तेवढाच. पहाटे मीच बॉनेट उघडतो, पाणी बघतो, इंजिनाला हवा लागू देतो आणि आंघोळीला जातो. गाडी अंगणातच असते. कुणी परका येत नाही.”

“ब्रेकचे लायनर झिजले की डबीतलं तेल खाली जातं,” मावशी सावकाश म्हणाली. “प्रत्येक गाडीत जातं. कुणी चोरून काढत असतं तर आणखी खाली गेलं असतं. तुझ्या गाडीत कुणी चोरी करत नाहीये, एको.”

“मग?”

“तुझं तेल वाढतंय.”

३

क्वामेना पेंट्सिल आपल्या शेडखाली बसला होता, हात पुसलेले, काम काही नाही. एकोला पाहून तो उठला नाही.

“या, साहेब. ऐकलं, तुम्ही आता स्वतः फिटर झालात.”

“क्वामेना, तू दर वेळी म्हणालास, झालं. प्लग बदललेस, क्लच बदललास, लायनर बदललेस.”

“आणि दर वेळी गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती ठीकच होती! थंड झाल्यावर आणता आणि विचारता, ताप कुठे आहे? अरे लेका, माझ्या आईच्या हातचं तू खाल्लंस. मी तुझ्या बायकोला मारीन?”

“मला माहीत नाही,” एको म्हणाला, आणि हे खरं होतं, म्हणून ते फार लागलं. क्वामेनाने मान फिरवली.

मावशी बाकावर टेकली. “ब्रेक ऑइल घातलंस का कधी?”

“पहिल्याच आठवड्यात बदललं. तुमच्याच दुकानातला सीलबंद डबा. उरलेला तो बघा.” त्याने फळीवरून डबा काढला. मावशीने रिकाम्या सोड्याच्या बाटलीत थोडं ओतून ठेवलं. दुसऱ्या बाटलीत एकोच्या गाडीतलं, येताना काढून आणलेलं. दोन्ही शेजारी ठेवल्या.

“आता यांना झोपू दे. सकाळी कोण खोटं बोलतंय ते बाटल्या सांगतील.” मग जाता जाता विचारल्यासारखं, “गाडीबद्दल तुला कोण कोण विचारत असतं रे?”

“यांच्या घरचा प्रत्येक माणूस माझी परीक्षा घेतो,” क्वामेना फणकारला. “एफुआ विचारते, मागची सीट किती मागे जाते. एब्बो विचारतो, हा कंटाळून विकेल का. याची आई मानसा विचारते, कुठलं तेल कशाला. मी सगळ्यांना बसवून समजावतो, आणि चोर मीच.”

एब्बो वाटेतच सापडला, टॅक्सीतळावर, सुपारीएवढा चेहरा करून. तो एकोचा बदली ड्रायव्हर.

“मी त्या गाडीत परत बसणार नाही, दादा. ‘परत येईन’ म्हणतो तो मेलेला, आणि येतोच की! मला गाडी नाही मिळाली, देवाचे आभार.”

“या गाडीचं बॉनेट उघड जरा,” मावशी शेजारच्या तसल्याच टॅक्सीकडे बोट दाखवून म्हणाली.

“अं?”

“उघड रे. तुला दीड महिना झाला ना अशीच गाडी चालवून?”

एब्बो आत वाकला, एक दांडी ओढली. मागे पेट्रोलचं झाकण खटकन उघडलं. दुसरी ओढली, सीट मागे गेली आणि तो उताणा पडला. टॅक्सीतळावरचे ड्रायव्हर हसून हसून वाकले.

“हा नव्हे,” मावशी पुटपुटली. “याला तेलाची डबी सापडायला ख्रिसमस उजाडेल.”

एकोला हसू आलं नाही. तिघांतला एक गळला होता. क्वामेनाचं बाटल्यांवर होतं. उरला तो मेलेला मालक, आणि त्याची गाडी विकणारी विधवा.

“उद्या तिच्याकडे जाऊ,” मावशी म्हणाली. “ती खरं बोलते की खोटं, बघू.”

४

शनिवारी दोघं शेजारच्या सेकोंडी गावात टावियाच्या घरी गेले. गाडी घेतली तेव्हा दार एका काळ्या कपड्यातल्या बाईने उघडलं होतं. तिनेच किल्ली दिली होती आणि पदराने डोळे पुसले होते. तेव्हापासून एकोच्या मनात ती विधवा होती, आणि त्याने गावात सांगितलं, आणि गावाने बाकीचं सांगितलं.

एकोने दार वाजवलं. पावलं आली. कडी निघाली.

दारात एक उंच, पिकल्या केसांचा पुरुष उभा होता. काळं कापड अंगावर, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने टॅक्सीच्या किल्लीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“माझी ‘परत येईन’! कशी आहे ती?”

एको दोन पावलं मागे सरला. “तू... तुम्ही टाविया?”

“जन्मापासून.”

“पण तुम्ही मेलात.”

“कधी?” टावियाने काळजीने विचारलं. “मला कुणी कळवलं नाही.”

मावशी दाराची चौकट धरून हसली. आत बोलावलं, पाणी दिलं. मग उलगडलं. डोळ्यांनी अधू झाला म्हणून त्याने टॅक्सी विकली. बायको त्या दिवशी मावसभावाच्या अंत्यविधीहून आली होती. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारीच असतात; आजही दोघं कुणाच्या तरी अंत्यविधीलाच निघाले होते.

“अहो, आमच्या गावात शनिवारी काळं नेसणारी प्रत्येक बाई विधवा धरली,” टावियाची बायको म्हणाली, “तर रविवारी चर्चमध्ये एक पुरुष उरायचा नाही.”

“आणि ती अक्षरं?”

“मी पहाटे मासळीला निघाले की हा म्हणायचा, परत येशील ना? मी म्हणायची, परत येईन. त्याने तेच रंगवलं. वेडा!” ती लाजली.

एकोने डोकं धरलं. महिनाभर ज्या अक्षरांनी त्याची झोप खाल्ली, ती एका नवऱ्याची लाडाची अक्षरं होती.

“गाडीत खोट होती का?” मावशीने विचारलं.

“हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा. बाकी नाही.”

“घेतल्यावर पहिले तीन आठवडे काही झालं नाही,” एको हळूच म्हणाला.

“विकणाऱ्याचं पाप तिसऱ्या दिवशी उघडं पडतं, तिसऱ्या आठवड्यात नाही,” मावशी म्हणाली. “हाही नव्हे.”

परत कोकोम्पेला आल्यावर तिने क्वामेनाला बोलावलं. “सगळी रबरं बदल. ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा घाल. नळ्या धुऊन काढ, एक थेंब जुनं राहता कामा नये. आणि झालं की बॉनेटला कुलूप लाव. किल्ली मला.”

“एकोला?” क्वामेनाने विचारलं.

“मला.”

मग ती फळीकडे वळली. क्वामेनाच्या डब्यातल्या तेलाची बाटली स्वच्छ होती, एकजीव. एकोच्या गाडीतल्या बाटलीत रात्रभरात दोन थर झाले होते. खाली पिवळट, आणि वर दोन बोटं उंच, पाण्यासारखं नितळ दुसरंच काहीतरी तरंगत होतं.

मावशीने बूच काढून वास घेतला. शुक्रवारी ब्रेक ऑइलच्या वासात मिसळून जे धूसर होतं, ते आता थर वेगळा झाल्यावर स्पष्ट झालं. गुलाब. गोडूस, स्वस्त गुलाब.

एकोने तिचा चेहरा पाहिला. तिला कळलं होतं.

“कोण, मावशी? कोण?”

तिने बाटली खांद्यावरच्या कापडाआड केली.

“उद्या प्रवचन संपेपर्यंत,” ती म्हणाली. “तू शब्द दिलायस.”

५

रविवारी एको पुरुषांच्या बाजूला बसला. खिशात अंडं. पुढच्या बाकावर वाकायचं झालं तरी तो ताठ बसे, फुटू नये म्हणून. देवाच्या घरात शापाचं अंडं घेऊन बसलोय, या विचाराने त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. पण काय करणार? पहाटेच एफुआची कंबर दुखायला लागली होती. ती बायकांच्या बाजूला, त्याच्या आईच्या खांद्याला टेकून बसली होती. आई, मानसा, पांढऱ्या कापडात, डोळे मिटून. आज कळा सुरू झाल्या तर? आज ती गाडी काय करील? कुणी केलं होतं? कुणी?

उपदेशक आईच्या प्रेमावर बोलत होता. रंगात आला होता. आणि मग अराबा मावशी उठली.

“सांगू का देवा, सांगू का,” तिने उचललं, “लेकरासाठी मी काय केलं?”

“सांग बाई सांग!” बायकांनी झेललं. टाळ्या सुरू झाल्या. उपदेशकाने रुमाल काढला.

“ताप आला तेव्हा रात्र जागले,” एक म्हातारी उठून गायली.

“सांग बाई सांग!”

“बाजारात विकून शाळेत घातला,” दुसरी.

“सांग बाई सांग!”

मावशी डोलत डोलत पुढच्या बाकाशी आली. तिने हात पुढे केला, ओढून नव्हे, नाचात घेतात तसा. “मानसाबाई, मानसाबाई, तू काय केलंस?”

मानसा डोळे मिटूनच उठली. गालांवर पाणी वाहत होतं. तिचा आवाज बारीक, पण चर्चभर गेला.

“भुताची गाडी लेकाने घेतली, माझ्या जिवाचा थरकाप झाला...”

“सांग बाई सांग!”

“पहाटे पहाटे झाकण काढून, आशीर्वादाचं तेल मी ओतलं! ज्या तेलात लेकाचा जीव आहे, त्यात देवाचं तेल मी ओतलं!”

“सांग बाई सांग!” सारं चर्च गरजलं. टाळ्या, पावलं, पत्र्यांचा थरथराट. सगळ्यांना ते एका आईचं पद वाटलं.

खरं काय ते फक्त दोघांना कळलं. अराबा मावशीला, आणि एकोला, ज्याचा हात खिशात अंड्याभोवती गोठला होता.

६

प्रवचन संपल्यावर कडुनिंबाखाली चौघंच उभी होती. एफुआ मुळावर बसली होती. मावशीने पिशवीतून सोड्याची बाटली काढली आणि शांतपणे बोलू लागली.

“मानसाबाई, हा वास ओळखता?”

मानसाने वास घेतला. “हे तर माझं तेल. प्रार्थनेच्या माळावर मिळतं ते. गाडी तिथे ने म्हणून एकोला कितीदा सांगितलं, तो हसतो.”

“कुठे ओतलंत?”

“क्वामेनाला विचारलं होतं मी. या गाडीत माझ्या लेकाचा जीव कशात आहे? तो म्हणाला, आई, या डबीत. ब्रेकच्या तेलात. हे बरं तर सगळं बरं.” ती निरागसपणे म्हणाली. “तेलच आहे ना ते? तेलात तेल. एको आंघोळीला गेला की एक झाकण ओतायची. गाडी त्या भिंतीपाशी थांबली त्यानंतर दोन झाकणं.”

“ते नावाला तेल आहे, बाई,” मावशी म्हणाली. “आम्ही सगळे तेल म्हणतो, ही आमच्या जिभेची चूक. ब्रेकच्या रबराला खरं तेल सोसत नाही. आणि माळावरचं ते ऑलिव्हचंही नाही, लहान मुलांच्या अंगाला लावतात ते, गुलाब घातलेलं. रबर फुगतं. फुगलं की ब्रेक एकदा दाबले ते सुटत नाहीत. टेकडी उतरताना एको सारखा दाबतो, चाकं तापतात, आणि उतार जिथे संपतो तिथे ती जाम होतात. भिंत दफनभूमीची होती, म्हणून भुताची झाली. तिथे शाळा असती तर आपण मास्तरांना दोष दिला असता. अर्ध्या तासात गार होतं, सुटतं, आणि क्वामेनाला काही सापडत नाही. गुरुवारी इतकं तापलं की आतलं तेल उकळलं, आणि ब्रेक गेले.”

मानसा ऐकत गेली तसा तिचा चेहरा राखेसारखा होत गेला. “म्हणजे मीच... जितकी भ्याले तितकं ओतलं... आणि जितकं ओतलं...”

ती बसली ती एफुआच्या शेजारी, मातीत.

एकोने खिशातून अंडं काढलं. मावशीने खाली आपला तळवा धरला.

“आई,” तो म्हणाला, “हे मी नदीवर फोडणार होतो. ज्याने माझं वाईट केलं, तो कुणीही असो, म्हणून. शुक्रवारीच.”

मानसाने अंड्याकडे पाहिलं. मग लेकाकडे. तिने ते अलगद आपल्या हातात घेतलं. एको गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं, सात वर्षांचा असल्यासारखं.

“प्रार्थना चुकली नाही हो तुमची,” मावशी म्हणाली. “डबी चुकली.”

तेवढ्यात एफुआने एकोचा दंड घट्ट धरला.

“नंतर रडा,” ती दातांवर दात रोवून म्हणाली. “आता मला खाली न्या.”

गाडी चर्चच्या फाटकाशी होती. क्वामेना रात्रीच ती आणून ठेवून गेला होता, आणि आता तो स्वतः पुढच्या सीटवर बसलेला होता, दार लावून.

“तू कशाला?” एकोने विचारलं. त्याला त्याच्याकडे बघवेना.

“ब्रेक मी बसवलेत. गेले तर माझाही जीव जाऊ दे. चल, बस.”

“क्वामेना, मी तुला...”

“उतरल्यावर माफी माग. चढावर माग. उतारावर गाडी चालव.”

मानसा मागे बसली, एफुआचं डोकं मांडीवर. तिने छोटी कुपी काढली, दचकली, मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. तिने एक थेंब सुनेच्या कपाळाला लावला आणि बूच घट्ट बसवलं.

टेकडीचा उतार आला. एकोचे हात पुन्हा ओले झाले. पांढरी भिंत दिसू लागली. मोठी होत गेली. मागे एफुआ ओरडली. त्याने पायाखालचं पॅडल दाबलं. ते मधोमध, घट्ट, भरवशाने उभं राहिलं. सोडलं, सुटलं. पुन्हा दाबलं, धरलं. भिंत डावीकडून निघून गेली. रेतीच्या ढिगात अजून चाकांची खूण होती.

“बघितलंस?” क्वामेना म्हणाला, आणि मग समजलं की तोही इतका वेळ श्वास रोखून होता.

मुलगी झाली. रविवारी जन्मली म्हणून, आमच्या रीतीने, नाव एसी. आणि दुसरं नाव अराबा. मूल आडवं होतं, सुईणीला तास लागला, पण लेकरू रडलं तेव्हा चार भिंतींपलीकडच्या तीन माणसांनी एकदम हात जोडले.

आठव्या दिवशी मानसाने घरी एतो केलं. याम उकडून, कुस्करून, लाल पामतेलात घोळून, बाळंतिणीसाठी. वर एक उकडलेलं अंडं अख्खं ठेवलं. एकोने ओळखलं. ते तेच होतं. मानसाने ते सोलून चार तुकडे केले, आणि पहिला तुकडा क्वामेनाच्या पानात ठेवला.

“खा बाबा,” ती म्हणाली. “यावर तुझं नाव होतं, माझं होतं, कुणाकुणाचं होतं. आता कुणाचंच नाही.”

मागच्या काचेवरची अक्षरं एकोने पुसली नाहीत. सकाळी तो निघाला की एफुआ दारातून विचारते, आणि तो काचेकडे बोट दाखवतो.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी माझं एक ऐका. रात्री हात जोडाल तेव्हा अक्रोमाच्या मानसाची आठवण काढा. आणि आपल्या घरीही कुणी असेल, भीतीने, मायेने, न विचारता आपल्यासाठी काहीतरी ओतत राहणारी. तिचीही काढा. आणि तिच्यावर अंडं उचलण्याआधी एकदा झाकण उघडून वास घ्या.